बटवडा

एकतीस वर्षं मी एकाच रस्त्यानं गेले.
चौदा किलोमीटर, दोनशे सहा दारं,
कुठलं कुत्रं कुठल्या वारी चिडतं, सगळं पाठ.
सोमवारी निवृत्त झाले.
गुरुवारी शेजारच्या फॉन्सनं गॅरेजचं शटर वर केलं.
म्हणाला, लुटगार्ड, मोटारसायकली दोन आहेत
आणि धड गुडघा एकच.
येतेस का दक्षिणेला?

सामान बांधतानाच भांडलो.
त्याला घडीची खुर्ची हवी. लोखंडी, माशा बसलेली.
मी म्हटलं, आपण रानात निघालोय, दरबार भरवायला नाही.
तो काही बोलला नाही. खुर्ची बांधली.

पहिली रात्र सेमोआ नदीकाठी.
तंबूची एक मेख कमी निघाली, तिथं स्क्रू-ड्रायव्हर ठोकला.
नदी घोरते, फॉन्सही घोरतो.
नदीचं बरं, ती मध्येच थांबत नाही.
तो थांबतो,
मग मी अंधारात मोजत बसते
चार, पाच, सहा, सात
हां. सुरू.

दुसऱ्या दिवशी म्यूझच्या कडेकडेनं.
आणि मी काय बघत होते?
पत्रपेट्या.
हिरवी, गंजकी, चिमणीनं घरटं केलेली,
मादाम कुणीतरी, पुढचं नाव पावसानं खाल्लेलं.
प्रत्येक दारापाशी उजवी मूठ आपोआप सैल पडायची,
गाडी मंदावायची.
मागून फॉन्सचा हॉर्न. आणि सिग्नलला शेजारी येऊन,
काच वर करून:
बाई, द्यायला तुझ्याकडं काहीही नाही.

तिसरा दिवस पाऊस.

चौथा दिवस पाऊस, आणि लांग्रच्या पठारावर वारा आडवा.
हातमोजे पिळले तर शाईसारखं पाणी.
पेट्रोल पंपाच्या छपराखाली उभ्यानं थंड सॉसेज खाल्लं.
अर्धा तास कुणी कुणाशी बोललं नाही.
परत फिरू, हे दोघांच्याही तोंडावर होतं,
आधी कोण म्हणतो एवढाच प्रश्न होता.

पाचव्या दिवशी, मोर्व्हाँच्या जंगलात, क्लचची केबल तुटली.
सात घरांचं गाव. सहा बंद.
सातव्यातून सोलांज बाहेर आली, पायात दोन वेगळे बूट.
माझं फ्रेंच पाकिटावरच्या पत्त्यांपुरतं,
रस्ता, नंबर, गल्ली, पिन कोड.
तेवढ्यावर तिनं ओळखलं.
गोठ्यातून सायकल काढली,
पक्कड लावली आणि मागच्या ब्रेकची वायर
कचकन तोडून हातावर ठेवली.
अगं, पण ब्रेक?
पुढचा आहे की.

पैसे घेईना. अंडी मात्र दिली, सहा,
आणि निघताना म्हणाली, एवढं पुढच्या गावात टाकाल?
प्रेमपत्र वगैरे काही नव्हतं.
विजेच्या मीटरचं कार्ड, आकडा दोनदा खोडून लिहिलेला.

जॅकेटच्या आतल्या खिशात, छातीशी धरून नेलं मी ते.
बावीस किलोमीटर.
अंड्यांची तितकी काळजी घेतली नाही, दोन फुटली.
चौकात पिवळी पेटी दिसली. उतरले. हातमोजा काढला.
झाकण वाजलं, आत कार्ड तळाला टेकलं,
एवढासा आवाज.
फॉन्सनं विचारलं, झालं?
झालं म्हटलं.

सहाव्या संध्याकाळी खुर्चीवर मी बसले, तो ओल्या गवतात.
हे त्यानं अजून काढलेलं नाही, पण काढेल.

आज ओब्राक.
काजळ घातल्यासारख्या डोळ्यांच्या गाई
कुंपणाशी येऊन आपल्याकडं बघतात
आणि कंटाळतात.
दगडी भिंती, वारा, पिवळं गवत.
अकरा किलोमीटरांत एकही दार नाही.
मी मूठ पिळली.
आरशात फॉन्स लहान लहान होत गेला,
त्याच्या मागं उलटी बांधलेली खुर्ची,
चारी पाय आभाळाकडं.