शून्यं संपली

बारा पॉइंटच्या केसमध्ये शून्याचं घर
कोपऱ्यात, विरामचिन्हांना लागून.
पंचायतीच्या लिलावाला, आंब्याच्या दराला
तेवढी पुरत.
बुधवारी रेडकर मास्तर लेख घेऊन आले,
अणुयुद्धावर,
आणि दुसऱ्याच परिच्छेदात माझी शून्यं संपली.

"मास्तर, शून्यां संपली."
"दहा पॉइंटची घाल."
"तीय संपतली. तुमची मेलेली माणसां
फुडच्या गॅलीतय आसत."

मास्तर स्टुलावर बसले. चष्मा पुसला,
शाईच्या फडक्यानं,
म्हणून पुन्हा पुसला.

खरं तर लेख चांगला होता.
मी जुळारी, उलटं वाचतो;
उलट्या अक्षरांत लिहिणाऱ्याची मखलाशी आधी दिसते.
सुरुवातीला 'समजा', मग परत 'समजा',
सात ओळींत सात,
मांडवीच्या खाडीत ओहोटीविरुद्ध होडी नेताना
दर वल्ह्याला तोच श्वास.
मग प्रश्न: कोण उरेल? कशासाठी? कोणाला विचारून?
(प्रश्नचिन्हांचं घरही त्या दिवशी तळाला गेलं.)
मग 'सूर्याहून प्रखर उजेड'.
तिथे मी अडलो.
आमच्याकडे एप्रिलात हा एकच सूर्य
बांगड्याचं दोन दिवसांत लाकूड करतो.
त्याहून प्रखर म्हणजे काय ते मला कळेना,
आणि कळेना म्हणून
भीतीही वाटेना.

हे मी बोलून गेलो.
मास्तर रागावले नाहीत. पेन मागितलं.
शून्यांच्या रांगाच्या रांगा एका रेघेत गेल्या
(शून्य तेवढं उलटं वाचलं तरी शून्यच)
आणि समासात त्यांनी लिहिलं:

'सकाळचे साडेआठ. बंदरावर लिलाव.
शेवंती तांडेल सुंगटांचा दर सांगते आहे,
"पाटीक —'

एवढंच.
अवतरण उघडलेलं, मिटलेलं नाही.
मी म्हटलं, चिन्ह राहिलं.
म्हणाले, राहूदे.

शेवंती माझी आत्या.

'पाटीक' जुळवलं. पुढे डॅश.
डॅश म्हणजे शिशाची नखाएवढी पट्टी,
हजारदा लावली असेल मी,
पण तिच्यापलीकडे नुसते कोरे ठोकळे भरताना
हात जड झाला.
बर्फाच्या कारखान्याचा भोंगा वाजला
तसा स्टिक खाली ठेवून दारापर्यंत गेलो,
बंदराकडे बघून आलो.
होतं.

शुक्रवारी अंक निघाला, दोनशे चाळीस प्रती.
आत्याला वाचता येत नाही, मी वाचून दाखवला.
तिनं सुरी न थांबवता ऐकलं,
शेवटी म्हणाली,
"पण दर किती, ता कित्या नाय लिवलान?"

मास्तरांना सांगितलं.
ते खूप हसले. मग हसता हसता थांबले
आणि खिशातल्या डायरीत काही टिपून घेतलं.
काय, ते दाखवलं नाही.

शनिवारी फॉर्म सोडला. खिळे रॉकेलनं धुतले,
एकेक आपापल्या घरात टाकला,
'मरण'मधला म,
'कोण'मधला क.
सोमवारी गिरपांच्या मुलीची लग्नपत्रिका होती,
तिच्यात तोच म मुहूर्ताला बसला.

शून्यं मात्र मोजून ठेवली. सत्तावीस.
मुंबईच्या फौंड्रीला पत्र लिहिलं, आणखी पाठवा,
पाकिटावर तिकीटही लावलं.
ते अजून खणात आहे.