घट

हर्षलनं मोबाईलवर बोट फिरवलं, म्हणाला,
आण्णा, गुवाहाटी ते पुणे
हवेतनं दोन हजार किलोमीटर.
तीन तास. फार तर सव्वातीन.
मी म्हटलं, पुन्हा वाच.

तीन तास म्हणजे
म्हशीची धार काढून, डेअरीत दूध घालून,
कटिंगच्या दुकानात पेपर वाचून
मी घरी येतो, तेवढा वेळ.
विट्याच्या स्टँडवर लेंगऱ्याच्या एसटीसाठी
याहून जास्त बसलोय.

माझ्या वेळी पाच दिवस होते.
कराडातनं पॅसेंजर, कल्याणला बदली, हावड्याला बदली,
न्यू बोंगाईगावला उतरून छोट्या लाईनीची गाडी.
शालन दशम्या बांधून द्यायची, दुधात मळलेल्या.
पहिल्या दिवशी मऊ,
तिसऱ्या दिवशी चामडं,
चौथ्या दिवशी नुसती चटणी, बोटानं.

तिथं जिन्याखालची खोली. भट्टी, मुशी,
तेजाबाचा पिवळा धूर, तो अजून नखांत आहे.
सराफ मोडीचे दागिने टाकून जायचे.
शंभर ग्रॅम आत गेलं की शंभर बाहेर येत नाही,
हे आधीच सांगायचं असतं:
घट धरावी लागते.
किती धरायची, ते गलाईवाल्याच्या जिभेवर.

मग मोठी लाईन आली. एक बदली गेली.
गाव साडेतीन दिवसांवर आलं.
शालनला मी सांगितलं नाही.
पत्रात लिहीत राहिलो,
पाच दिवस जायला, पाच यायला,
भट्टी थंड ठेवून कसं जमायचं?
तिचं कार्ड आलं:
सुहास चालतो आता. उंबऱ्यापर्यंत येतो, थांबतो.

दीड दिवस.
गिऱ्हाइकाचं सोनं मी कधी मारलं नाही.

काल सुहासचा फोन.
आण्णा, थेट विमान नाही,
कोलकात्याला सहा तास बसवतात,
पुण्यातनं पुढं पाच तास गाडी,
सगळा मिळून दिवस जातो बघा,
आणि तिकिटं तर विचारू नका.
मी ऐकत होतो.
खरं बोलत होता, बरंचसं.
वर किती घट धरलीय
ते आवाजावरनंच कळलं.
तीस वर्षं हेच काम केलं.
म्हणालो, हां रं, लांबच हाय ते.

हर्षल अजून मोबाईलमध्येच.
म्हणतो, आण्णा, गंमत बघा,
हितनं तिकडं जाताना कमी वेळ लागतो.
इकडं येताना वारा समोरनं असतो,
वीसेक मिनिटं जास्त.

असूदे, म्हटलं.
आमच्या वेळीबी समोरनंच होता.