झाकणाच्या आतली बाजू

निकुंभ वकील म्हणाले, पुरावा दाखव, शांतवन.
नुसतं मानतो म्हटलेलं कोर्टात चालत नाही.
त्यांची एचएमटी माझ्या हातात, पोट उघडं,
आणि आत, नंदुरबारातल्या प्रत्येक घड्याळात असते तशी,
मिरचीची बारीक लाल धूळ.

मागच्या ईस्टरला पाळकसाहेबांनी मलाच उभं केलं होतं:
घड्याळ आहे म्हणजे घडवणारा आहे,
विचारा आपल्या गावितांना!
सगळी बाकं माझ्याकडे वळली. मी मान हलवली.
खरं सांगू, वकीलसाहेब? मला ते कधी पटलं नाही.
चाळीस वर्षं मी बंद पडलेलीच घड्याळं बघतोय,
चालणारं घेऊन माझ्या टपरीवर कोण येतं?
मे महिन्यात तेल पातळ होऊन पसरतं,
काटे वाट्टेल तसे धावतात,
आणि हिला बनवणारा कारखाना तर केव्हाच बंद झाला.
त्या वाटेनं गेलो असतो
तर देवाच्या नावाचं कुलूप बघून परत आलो असतो.

पण नकली माल मी भिंगाशिवाय ओळखतो.
वरून चकचकीत,
आणि झाकण उघडलं तर आतही तेवढंच चकचकीत.
खऱ्या, मनगटावर जगलेल्या घड्याळात
आधीच्या कारागिरानं आतून सुईनं ओरखडलेलं असतं.
हे बघा तुमच्याच झाकणात: १२-३-७९, र.
हा र कोण, मला ठाऊक नाही.
पण तो होता. त्याचा हात थोडा कापत होता.

आता ती सकाळ घ्या.
रचायचीच असती
तर थडग्यापाशी आधी बाया कशाला पाठवल्या असत्या,
ज्यांची साक्ष तेव्हा कुणी धरत नव्हतं?
कोंबडा आरवायच्या आत पेत्रानं तीनदा हात झटकले,
तेही पुसता आलं असतं, पुढारी तर तोच झाला.
आणि उठलेला देह!
नवा कोरा करायचा ना,
तर हातांत खिळ्यांचे व्रण तसेच.
थोमाला म्हणतो, घाल बोट.

लबाड माणूस ओरखडा घासून काढतो, साहेब.
मी स्वतः काढलेत, गिऱ्हाईक फसवायला, तरुणपणी.

वकील म्हणाले, बरं आहे,
पण उलटतपासणीत टिकणार नाही.
नाही टिकणार, मीही म्हणालो, आणि चिमटा उचलला.

आईचं त्यांना सांगितलं नाही.
रुबेनला मिरचीच्या ट्रकनं उडवलं त्याला सव्वा महिना झाला होता,
दगा ईशी जामिनावर सुटून घरी बसलेला.
आईनं दादरच्या चार भाकरी फडक्यात बांधल्या
आणि म्हसावदची एसटी धरली. मी मागोमाग.
तो दारात आला नाही, आतच भिंतीला टेकून राहिला.
आई उंबऱ्यावर बसली, फडकं सोडलं.
जेवी ले भाऊ, मी बी कालपाईन उपाशी शे.
बराच वेळ माशाच तेवढ्या भाकरीवर बसत होत्या.
मग त्यानं एक तुकडा मोडला,
खाल्ला नाही, मुठीत धरून ठेवला.

घरी आल्यावर आईनं माठ फोडला.
मला तो मेला तरी चालेल, म्हणाली,
आणि रात्रीच्या प्रार्थनेत दात आवळून त्याचं नाव घेतलं.
नंतर रोज घ्यायची. दात रोज आवळलेलेच.
नळाच्या पाण्यावरून शेजारणीशी
दोन-दोन वर्षं अबोला धरणारी बाई ही.
स्वतःच्या मनानं ती म्हसावदला गेली असती,
हे मला कुणीही पटवून द्यावं.
तिला कुणीतरी धाडलं होतं.
एसटीत ती पूर्ण वाट
शेजारची रिकामी जागा हातानं धरून बसली होती,
कंडक्टर म्हणाला तरी दिली नाही.

कधी रात्री हेही डळमळतं.
दुःखानं माणूस काय काय करतो, असं वाटतं.
तेव्हा मी टपरी उघडून
कुणाचं तरी बंद पडलेलं यंत्र साफ करत बसतो.

वकिलांचं घड्याळ चालू झालं.
त्या कापऱ्या र-च्या खाली
मी सुईनं तारीख ओरखडली, पुढे शां, आणि झाकण दाबलं.
त्यांनी ते कानाला लावलं, डोळे मिटून ऐकलं,
आणि शिंकले.