सत्तेचाळीस नंबर

शिरोळच्या शेडनेटात, दिवस कलताना
रत्नाव्वा चिमट्यानं कळी उघडते,
पुंकेसर उपसते.
सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग, मग लाल दोरा.
सहा वर्षं हेच.

आता हा सत्तेचाळीस नंबर:
झाडाला आठ किलो, साल जाड, गर घट्ट,
क्रेटच्या तळाशीही फुटत नाही.
रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवला, उजेडाकडं धरून बघितलं:
साडेपाच.
वहीत दोनदा अधोरेखित केलं.

रत्नाव्वानं फोड चावली,
बांधाकडं बघत चावतच राहिली.
"सॉसवाल्यास्नी द्या, सायेब.
आमटीत ह्यो बोलायचा न्हाई."

बांधावर एक झाड आहे, दोरा नसलेलं,
चौथ्या वर्षी मीच बाद केलेल्या वाणाचं.
फळं लहान, तडकलेली.
खालची माती ओली आहे.