हिशेब दाखवण्याचं कलम

पत्र आठ दिवस आधी आलं होतं, शिक्क्यासकट.
कलमांचे आकडे, भेटीची तारीख,
आणि खाली, आपल्या प्रार्थनेचा याचक.
खाली सगळेच तसं लिहितात.

मदर एदुविजिस म्हणाल्या, त्रान्सितो, वह्या काढ.
एक्केचाळीस वर्षांच्या वह्या.
या बेटावर कागद कोरडा ठेवणं
हे आमचं चौथं व्रत,
शपथ न घेता लागलेलं.

आम्ही पाच जणी.
सिस्टर ओब्दुलियाला धरून पाच,
आणि ती आता स्वतःला धरत नाही.

कायदा मला थोडा कळतो,
मठात येण्याआधी मी नोटरीकडे टायपिस्ट होते.
मठ उभा करायचा तर बिशपची लेखी संमती लागते.
ती आमच्या पेटीत आहे, कडा कसरीनं खाल्लेली.
मोडायचा असेल तर मात्र बिशपची सही पुरत नाही,
ते रोमनं ठरवायचं.
म्हणजे चौकट त्यांनी बसवली,
कडी त्यांच्या हाताला लागत नाही.
त्यांच्या धर्मप्रांतात राहतो, त्यांच्या घरात नाही.
ना सासर, ना माहेर.

योग्य कारण असेल तर बिशप जाळीच्या आत येऊ शकतात.
कारण योग्य की कसं, हे ठरवणारेही तेच.
तरी त्यांनी घंटेची दोरी ओढली.
दोनदा. दोरी ओली होती,
त्यांनी हात झग्याला पुसला, लहान मुलासारखा.
मी दाराच्या फटीतून पाहिलं. फट जुनीच आहे.

नवे बिशप, ओयार्सून आडनावाचे,
उत्तरेकडच्या कोरड्या वाळवंटातले,
बोटीनं पिवळे पडलेले.
सोबत कायद्याचे फादर इबाकाचे, पोटाशी बॅग धरून.

एकेकीशी ते एकट्यानं बोलले, तसंच बोलायचं असतं.
मग मदरना म्हणाले, आवाज खाली आणून,
पलीकडे किनाऱ्यावर मोठा मठ आहे, गरम खोल्या आहेत.
स्वायत्तता हा शब्द पाच जणींना
जरा सैल होतो, मदर.
मदर म्हणाल्या,
तो मापाचा कधीच नव्हता, मोन्सेन्योर.
आम्ही दुमडून घालतो.

मग माझ्या वह्या.
बटाटे, इतके. लोकरीचे मोजे, इतके.
मिस्साच्या भाकरीची खोकी, पॅरिशवार,
प्रत्येकीच्या पुढे पैसे आल्याची खूण.
त्यांचं बोट खाली खाली सरकत गेलं
आणि एका ओळीवर थांबलं.
बिशप भवन. बाकी, चौदा महिने.
तीन लाख चाळीस हजार पेसो.

फादर इबाकाचेंचे कान लाल झाले.
स्टोव्हमध्ये एक लाकूड खाली बसलं.
कळवलं का नाहीत, सिस्टर?
मी म्हणाले, कुणाला कळवणार?
गादी रिकामी होती.
भाकरी मात्र रोज लागत होती.

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.
वही मिटली, पुन्हा उघडली,
तीच ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत.

तेवढ्यात ओब्दुलिया आली, एप्रनच्या ओच्यात
साच्यातून गोल कापून उरलेल्या कडा घेऊन.
त्या आम्ही कोळ्यांच्या पोरांना वाटतो.
तिनं बिशपांकडे नीट पाहिलं
आणि म्हणाली, तू रोसाम्रियाचा धाकटा ना,
घे, पण भावाला दे थोडं.
बिशपांनी ओंजळ पुढे केली.
अर्धं फादरना दिलं.

दुपारी वारा उठला, बंदर बंद झालं.
पाहुण्यांच्या खोलीत त्यांचा दिवा
आमच्या रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत जळत होता
आणि नंतरही.
पहाटे त्यांनी मिस्सा केली, आमच्याच भाकरीवर.
ती मोडताना जो बारीक आवाज होतो
तो मी जाळीमागून ऐकला. नीट भाजली गेली होती.

बोट सुटली. अहवाल रोमला जाईल.
त्यात काय लिहिलंय, आम्हाला सांगायला ते बांधील नाहीत,
तसं एखादं कलम असेल तर मला सापडलेलं नाही.

बाकीच्या रकान्याखाली
मी अजून रेघ मारलेली नाही.
आज पीठ भिजवलंय, पुढच्या महिन्याचं.