आठ गाण्यांची उतरंड

आठवं आधी सांगतो.
त्याला आम्ही 'नळ' म्हणायचो.
वडगावात आठवड्यानं पाणी सुटायच्या आधी
नुसती हवा खाकरते, तशी त्याची गिटार.
ते आलं की कॅसेट बाहेर, पेन्सिलीनं पुढं फिरव.
सेल वाचवायचे होते.

सातवं 'इंग्रजीचा पेपर', कारण गाणारा फार बोलतो
आणि आम्हा दोघांचा तोच विषय राहिलेला.

खरी नावं कोणाला ठाऊक? खडेबाजारात
कॅसेटी भरून देणाऱ्या पोरानं आल्बम भरला,
नावं लिहिली नाहीत. 'इंग्लिश आहे, ऐका की,' म्हणाला.
मग डबीतल्या पट्टीवर ईरण्णानं वर कन्नडात,
मी खाली मराठीत, आमचीच नावं घातली.
त्या महिन्यात बाहेर पाट्यांना काळं फासत होते,
आज ह्या लिपीला, उद्या त्या.
आमच्या पट्टीवर फक्त भज्यांचं तेल सांडलं,
दोन्हीकडं सारखं.

सहावं बरं आहे. त्या गाण्यात आमचं काही घडलं नाही.
म्हणूनच सहावं.

पाचवं 'कवायत'. घरमालक रामू तुपारे
पलटणीच्या बँडातून निवृत्त, ड्रमवाले.
जिन्यात थांबून एकदाच ऐकलं, म्हणाले,
'ह्या गड्याचा पाय चुकतोय.'
तेव्हापासून मला तेवढा चुकलेला पायच ऐकू येतो.
ईरण्णाच्या यादीत हे पहिलं.

चौथं 'माग'. खोलीखाली सोळा यंत्रमाग,
भिंतीला टेकलं तर दात वाजायचे.
हे गाणं त्या ठेक्यातच ऐकलेलं.
एका रात्री लाईट गेली, माग थांबले,
टेप सेलवर चालूच,
आणि गाणं लंगडं निघालं.

तिसऱ्याबद्दल भांडण नाही. 'दुसरं गेट.'
टिळकवाडीत गेट पडलेलं, मालगाडी लोंढ्याकडून,
एका सायकलीवर आम्ही दोघं, उसना वॉकमन,
हेडफोनची एक बाजू त्याच्या कानाला, एक माझ्या.
पलीकडे लुनावर हिरवी ओढणी.
दोन डब्यांमधल्या फटीत ती दिसे, जाई, दिसे.
बेचाळीस डबे.
गाणं आणि गाडी एकदम संपली.
ती पुढे ईरण्णाची वहिनी झाली.
लग्नात मी कुंदा वाढला. तिच्या पानात दोनदा.

दुसरं 'अर्धं'. साठ मिनिटांची फीत,
गाणारा वरच्या सुराला जातो आणि खट्.
तीस वर्षं मला वाटत होतं, तिथं काहीतरी प्रचंड असणार.
परवा मुलीनं फोनवर पूर्ण लावून दिलं.
पुढं तेच कडवं आहे, पुन्हा, सावकाश विरत जाणारं.
मी मनातल्या मनात खट् केलं.

पहिलं.
दिवाळीच्या सुट्टीत कॅसेट बैलहोंगलकडं, त्याच्या गावी नेली,
तिथं कुणाचं तरी बोट लाल बटणावर पडलं.
ड्रम ऐन भरात, आणि मध्येच सात सेकंद
चुलीपासून त्याच्या अव्वाचा आवाज:
'ईरण्णा, ऊटक्क बारो. अवन्नू करकोंड बा.'
मग परत ड्रम, जसं काही झालंच नाही.
मी चंदगडकडचा, तेव्हा कन्नड येत नव्हतं.
'काय म्हणाल्या?' 'जेवायला बोलावलंय,' तो म्हणाला.
दुसरं वाक्य त्यानं सांगितलं नाही.
ते चार वर्षांनी, उद्यमबागच्या फौंड्रीत
शिव्यांसकट कन्नड शिकल्यावर कळलं:
त्यालाही घेऊन ये.

फोनवरल्या आल्बमात ते सात सेकंद नाहीत.
तिथं नुसतं गाणं आहे, चांगलं वाजवलेलं.

काल होसपेटला ईरण्णाला फोन लावून यादी वाचली.
पाचव्यावरनं शिव्या घातल्या त्यानं.
'आणि अव्वाचं? ते कितव्या नंबरला धरलंस?'
'ते धरलं नाही,' म्हणाला. 'माझी यादी सातांचीच हाय.'
मग थोडा वेळ नुसती खरखर,
फितीच्या सुरुवातीला असते तशी,
आणि मग तो:
'त्या तुपारेंना ड्रममधलं काय कळत होतं रे?'