सपाट

बुधवारी जुन्या बाजारात
कुलपं, नळाच्या तोट्या आणि एका पायाचा बूट
यांच्यामध्ये पडली होती पथरी.
पेर मारून पाहिलं. वाजली.
बद्द बोलते तिच्या पोटात तडा असतो,
काशीदमामा सांगायचे,
आणि पाणी पीत नाही
ती कात्रीला द्यावी, वस्तऱ्याला नको.
विकणारा म्हणाला, चाकूची आहे, दीडशे.
मी सुधारलं नाही. एकशेवीसला घेतली.

रास्ता पेठेत, दुकानाच्या बादलीत सोडली.
बुडबुडे थांबेपर्यंत
एक गिऱ्हाईक अर्ध्या साबणात बसून होतं.

चार वर्षं नीट चालली.
मग एका संक्रांतीला मालतीनं
गूळ चिरायची विळी ओढली तिच्यावर.
मधोमध घळ.
दोन दिवस मी बोललो नाही,
लोकांना वाटलं, दाढ दुखते.

आता माझ्या हातात
कप बशीवर वाजत राहतो.
दुकानात पोरगा अर्धी पाती वापरतो.
वस्तऱ्याला उरलोय मी एकटा,
रविवारी, मोरीच्या कट्ट्यावर.

मालती काचेवर ओला पॉलिशपेपर अंथरते,
पथरीवर पेन्सिलीनं चौकटी आखते
आणि घासते.
कडेच्या रेघा लगेच जातात,
घळीतल्या जात नाहीत.
"गेल्या का?"
"एक आहे अजून."
करडं पाणी मोरीकडे निघतं,
तिच्या कोपरापर्यंत चिखल.

मग ती वस्तरा फिरवते दगडावर, पाठ टेकवून,
मी शिकवलं नव्हतं तसा, पण बरोबर.
नखावर धार बघते.
माझी हनुवटी दोन बोटांनी वर करते.
"आता बोलू नका."